क्रिस्पिनची बिटर

सेलिंग, केंट
१४ ऑक्टोबर १९८३

चि. लायनेलला,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. क्रिस्पिनच्या दफनाला तू इतक्या लांबून आलास, राहिलास, भांडी घासलीस, आल्यागेल्याचं चहापाणी बघितलंस. आभार मानले तर तुला राग येईल, म्हणून मानत नाही. तुझा रेनकोट मात्र इथेच राहिलाय. पन्नाशी उलटली तरी वस्तू विसरायची तुझी खोड काही जात नाही.

इथलं काय लिहू? वेलींवरच्या हॉपच्या फुलांची तोडणी संपली, तोडायला आलेली माणसं आपापल्या घरी गेली. मुलगा मातीआड केला आणि दुसऱ्या दिवशी क्लेम ओस्टच्या वाळवणघरात भट्टीवर जाऊन उभा राहिला. हॉप कुणासाठी थांबत नाहीत, वाळवले नाहीत तर सडतील, एवढंच म्हणाला. यंदाचा सगळा माल त्यानं एकट्यानं वाळवला. माझ्याशी बोलतो ते कोळसा आणि हवामान यांच्याबद्दल. क्रिस्पिनचं नाव काढलं की उठतो आणि बाहेर जातो. एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, मोटरसायकल घसरून जातो आणि त्याच्या आईबापांनी हवामानावर बोलायचं. असो.

लिहायचं कारण वेगळंच. काल कोठीघरात जॅमच्या बरण्या हलवताना मागे चार बाटल्या सापडल्या. त्याच्या हातच्या बिटर बिअरच्या. मला वाटलं होतं, दफनाच्या दिवशी त्याच्या क्रिकेटच्या दोस्तांनी सगळ्या संपवल्या. ही तीच बिटर, जिच्यावरून उन्हाळाभर बापलेकांची जुंपली होती. क्लेमचं म्हणणं, बिटरला दोन हॉप लागतातच, एक कडवटपणाला आणि एक वासाला, नुसत्या गोल्डिंग जातीच्या हॉपवर बिटर करणं म्हणजे निव्वळ पोरखेळ. आणि हा म्हणायचा, बाबा, जन्मभर गोल्डिंग वाळवलंत आणि तुमचाच त्याच्यावर भरवसा नाही? जेवणाच्या टेबलावर दोघांचा नुसता कालवा. मी वैतागून दोघांना अंगणात हाकलायची. आता तो कालवा ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

लायनेल, मला ती बिटर पुन्हा करायची आहे. कृती त्यानं कुठेही लिहिली नाही, सगळं डोक्यात. आणि मी आयुष्यात आल्याच्या सरबतापलीकडे काही आंबवलेलं नाही. पण त्याला हे वेड तू लावलंस, तेव्हा आता मलाही तूच शिकव. बघ बाबा, जमेल का. लोभ धरतोसच, तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
एव्हिस


मॅटलॉक, डर्बीशायर
१९ ऑक्टोबर १९८३

ती. एव्हिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या बॉयलरपाशी उभ्याउभ्या वाचलं. मुख्याध्यापिका आल्या आणि डोळ्यांत काय गेलं म्हणून विचारू लागल्या. कोळशाची धूळ, असं सांगितलं. शाळेचा शिपाई असण्याचा हा एक फायदा.

शिकवतो. न शिकवून जातो कुठे? पण ताई, आधी एक कडू गोष्ट. एकाच हॉपची बिटर म्हटलं की सगळी गंमत किती आणि केव्हा यात असते. दोन हॉप असले की एकाची चूक दुसरा झाकतो. एकटा असला की तो उघडा पडतो. किती घातलं आणि उकळीच्या कुठल्या वेळी घातलं, हे मला इथे बसून कळणार नाही. चाखावं लागेल. म्हणजे त्या चारांतली एक बाटली तुला मला द्यावी लागेल.

मी काय मागतोय हे मला समजतंय. नाही म्हणालीस तरी मी तितकाच तुझा. पण एक सुचवू? क्लेमला हे सगळं सांग. तो हॉपवाला माणूस आहे. त्याच्या हाताला काम लागेल आणि तुम्हा दोघांना बोलायला विषय. प्रकृतीची हेळसांड करू नकोस. नुसत्या टोस्टवर राहतेस हे मी बघून आलोय.

तुझा,
लायनेल


सेलिंग
२६ ऑक्टोबर १९८३

चि. लायनेलला,
अ. आ.

काल संत क्रिस्पिनचा दिवस, म्हणजे आपल्या पोराचा वाढदिवस. केक करायचा नाही असं ठरवलं होतं, तरी सकाळी उठून लोणी मऊ व्हायला बाहेर काढून ठेवलंच. मग लक्षात आलं. क्लेम दिवसभर वेलींच्या तारा दुरुस्त करत होता. जेवताना म्हणाला, वारा उत्तरेचा आहे.

बाटली पाठवते आहे. त्याच्या लोकरी मोज्यात घातली आहे आणि वरून तुझा रेनकोट गुंडाळला आहे, म्हणजे दोन्ही कामं झाली. पोस्टातल्या बाईला मी चारदा सांगितलं, की उभी ठेवा, उभी ठेवा. तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. मोजा परत पाठव.

क्लेमला सांगेन. अजून तसा दिवस आलेला नाही. आता तीन उरल्या.

तुझी,
एव्हिस


मॅटलॉक
३ नोव्हेंबर १९८३

ती. एव्हिसताईस,
सा. न. वि. वि.

बाटली धडधाकट पोचली. दोन दिवस उभी ठेवून नीट स्थिर होऊ दिली आणि मग रविवारी दुपारी उघडली. पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसलो. ताई, तुझ्या मुलानं काय केलं होतं हे तुला ठाऊक आहे का? मी वीस वर्षं घरी बिअर करतोय. मला हे कधी जमलं नाही.

कडवटपणा लगेच येत नाही. आधी माल्टचा, त्या मोड आणलेल्या बार्लीचा, बिस्किटासारखा गोडवा, मग हळूहळू जिभेच्या मागे कडू चढतं आणि तिथेच थांबतं, बोचत नाही. आणि नाकात मध आणि संत्र्याची साल. ते सगळं गोल्डिंग. गोल्डिंग मुळात नरम स्वभावाचं, कडवटपणा यायला ते भरपूर घालावं लागतं. पण भरपूर घातलं की बिअर गवतासारखी तुरट होते. म्हणूनच क्लेम पोरखेळ म्हणत होता आणि तो चुकीचं बोलत नव्हता. क्रिस्पिननं यातून वाट काढली ती हप्त्यांनी. असं घे:

पाच गॅलनला साडेसात पौंड फिकट माल्ट आणि अर्धा पौंड तांबूस भाजलेलं. रंगावरून एवढंच असणार. ते तासभर गरम पाण्यात भिजव, पाणी उकळतं नको, हात बुडवून झटकन काढावा लागेल इतपत. गोड पाणी गाळून घे आणि दीड तास खळखळून उकळ. उकळी फुटताच दोन औंस गोल्डिंग. उकळी संपायला पाव तास उरला की आणखी पाऊण औंस. गॅस बंद केला की एक मूठ, आणि झाकण. साखर घालू नकोस, काटकसर करू नकोस, आणि मधेच कपडे वाळत घालायला जाऊ नकोस. गार झालं की यीस्टची एक पुडी. आठवड्यानं बाटल्यांत भर, तीन आठवडे हात लावू नकोस.

हे माझं अनुमान. दोन औंसांच्या जागी सव्वादोनही असेल. पण आसपास नक्की आहे. ग्लास संपवला, बाटली धुतली आणि तुझा मोजा उशीखाली ठेवून झोपलो. लोकर बोचते. तरीही.

तुझा लोभांकित,
लायनेल


सेलिंग
११ डिसेंबर १९८३

चि. लायनेलला,
अ. आ.

तुझ्या कृतीनं माझ्या स्वयंपाकघराचं काय झालं ते बघायला तू इथे हवा होतास. कपडे उकळायचं जुनं पातेलं घेतलं. उकळी आल्यावर ते उतू गेलं, चूल चिकट, फरशी चिकट, मांजर चिकट. शेजारच्या मिसेस होलॅम्बी कुंपणावरून विचारत होत्या, की काही जळतंय का. मी सांगितलं, ख्रिसमसचं पुडिंग. देव मला क्षमा करो.

हॉप क्लेमच्याच ओस्टमधले घेतले, उशीच्या अभ्र्यात भरून. पहिले दोन औंस पातेल्यात पडले आणि घरभर तो वास पसरला. क्रिस्पिनच्या शनिवारचा वास. क्लेम दारात आला. एक हात चौकटीवर ठेवून तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता विचारेल. मी विचारायची वाट बघत होते, लायनेल. मग तो वळला आणि गेला.

काल बाटली उघडली. शेजारी त्याची एक ठेवली. ठेवायलाच हवी होती, नाहीतर ताडून कशी बघणार? दोन ग्लास, दोन घोट, पुन्हा दोन घोट. रंग तोच. कडवटपणा तोच, तुझा अंदाज अगदी बरोबर. संत्र्याची सालसुद्धा आहे. आणि तरी ती त्याची नाही. त्याच्या बिटरमध्ये मागे कुठेतरी पिकल्या पेअरसारखं काहीतरी आहे, गोलसर, आपुलकीचं. माझ्यात ते नाही. माझी नीटनेटकी आहे आणि परकी आहे. मी सगळं केलं आणि तो आला नाही. टेबलावर डोकं ठेवून मी इतकी रडले, की दफनाच्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

क्लेमला माझ्यातला एक ग्लास दिला. उभ्यानं प्यायला, चांगली झाली म्हणाला आणि बूट घालायला लागला.

माझं काय चुकलं ते सांग. दोन उरल्या.

तुझी,
एव्हिस


मॅटलॉक
१६ डिसेंबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं काही चुकलं नाही. चुकलो मी. मी हॉपच्या मागे असा लागलो, की दुसरं काही सुचलंच नाही. पिकल्या पेअरची चव हॉपची नव्हे आणि माल्टचीही नव्हे. ती यीस्टची.

क्रिस्पिननं पुडीतलं यीस्ट कधीच वापरलं नाही. आठवतं मला, तो शाळेतून बाहेर पडला त्या वर्षी कुठल्याशा पबच्या मालकाकडून त्यानं डबाभर फेस मागून आणला होता. तेव्हापासून एका बिअरचं यीस्ट दुसरीला, दुसरीचं तिसरीला, असं तो ते सांभाळत आला. आठ वर्षं. इतक्या वर्षांत यीस्ट ज्या घरात राहतं त्या घरचं होऊन जातं. जगात दुसरीकडे ते कुठेही नाही. फ्रिजमध्ये त्याची जॅमची बरणी असायची, तळाला राखाडी चिखल आणि वर पाणी. ती आहे ना? ताई, ती असेल तर सगळं सोपं आहे.

आणि नसेल तरी आशा आहे. त्याच्या बाटल्यांच्या तळाशी पांढुरका गाळ बसलेला तू बघितला असशील. तो कचरा नाही. ते यीस्ट आहे, आणि ते मेलेलं नाही, निजलेलं आहे. बाटलीत भरल्यावर बिअरला फेस येतो तो त्याच्यामुळेच. त्याला खाऊ दिला की ते उठतं आणि वाढतं. म्हणजे क्रिस्पिननं पोसलेलं काहीतरी तुझ्या कोठीघरात या घटकेला जिवंत आहे. आणि मी माझ्या बाटलीतला गाळ मोरीत ओतला, हेही लिहितो.

एक बाटली घे. बिअर हलक्या हातानं ओतून घे, तळाशी बोटभर राहू दे. थोडं माल्टचं पाणी उकळून पूर्ण गार कर आणि त्यात घाल. तोंडाला कापसाचा बोळा लाव. उबेला ठेव. दोनतीन दिवसांत कडेनं फेस धरला की समज, ते उठलं.

आणि क्लेमला सांग. कृपा कर आणि सांग.

तुझा,
लायनेल


सेलिंग
५ जानेवारी १९८४

चि. लायनेलला,
अ. आ.

बरणी नाही. दफनाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी हॅम ठेवायला जागा हवी होती, म्हणून मी फ्रिज साफ केला. तेव्हा एक घाणेरडी बरणी निघाली. वास घेतला, नाक मुरडलं आणि मोरीत ओतून गरम पाण्यानं धुतली. त्या बरणीत आता माझं मोहरीचं लोणचं आहे. मी ते खाऊ शकत नाही आणि फेकूही शकत नाही.

बाटलीचंही ऐक. ख्रिसमसनंतर केलं. तू पूर्ण गार कर असं लिहिलं होतंस. मला धीर धरवला नाही. कोमट लागलं, ओतलं. आता वाटतं, कोमट नव्हतं, चांगलं गरम होतं. उबेच्या कपाटात ठेवून दर तासाला जाऊन बघायची, तान्हं मूल निजवल्यावर बघायचे तशी. फेस आला नाही. आठ दिवसांनी नुसता आंबट वास. लायनेल, माझ्याच हातून गेलं.

क्लेमनं विचारलं, की कपाटात काय ठेवलंयस. मी म्हटलं, काही नाही. काय सांगणार? आधी सांगितलं नाही, आणि आता हे सांगायचं? सगळं नीट झालं, फेस धरला, की त्याला हाताला धरून नेईन आणि दाखवीन. तोवर नको. त्यालाही पुन्हा एकदा गमावायला लावू का?

एक उरली आहे. ती बरण्यांच्या मागे आहे आणि मी तिकडे बघतसुद्धा नाही.

तुझी,
एव्हिस


मॅटलॉक
१० जानेवारी १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वतःला बोल लावू नकोस. माझ्याही हातून पहिल्या चारपाच वेळा असंच झालं होतं, फक्त तेव्हा माझं काही पणाला लागलेलं नव्हतं.

शेवटच्या बाटलीला तू हात लावू नकोस. मी येतो. बॉयलर सोडून आता निघता येत नाही, मुलं गारठतील. पण फेब्रुवारीत वीस तारखेपासून शाळेला आठवड्याची सुट्टी आहे. माझा थर्मामीटर, काचेच्या कुप्या, सगळं घेऊन येतो. आपण तिघं टेबलाभोवती बसू आणि ते उठवू. गाळ थोडा म्हातारा झालाय, पण कोठीघरातला गारठा त्याला मानवतो. मला खात्री वाटते. खरंच वाटते.

तिघं, असं मी लिहिलंय. तिसऱ्याला सांगितल्याशिवाय ठेवू नकोस.

येताना काय आणू? इथला बेकवेल टार्ट आणतो, तुझ्या हातच्या टार्टइतका वाईट नसतो.

तुझा,
लायनेल


सेलिंग
९ फेब्रुवारी १९८४

लायनेल,

येऊ नकोस. यायला काही उरलं नाही.

काल मी दातांच्या डॉक्टरकडे कँटरबरीला गेले होते. परत आले तर मोरीशेजारच्या जाळीवर ती बाटली पालथी ठेवलेली. रिकामी. लख्ख. लेबलसुद्धा भिजवून काढलेलं. क्लेमनं दुपारी ती प्यायली आणि धुऊन ठेवली. आयुष्यभर स्वतःची बशी न उचलणाऱ्या माणसानं.

मी त्याला वाटेल ते बोलले. म्हटलं, तुझा मुलगा त्या बाटलीत जिवंत होता आणि तू त्याला मोरीत ओतलंस. म्हटलं, तू त्याला दुसऱ्यांदा पुरलंस. तो नुसता हातातला टॉवेल घडी करत राहिला.

मी क्रिस्पिनच्या खोलीत राहायला गेले आहे. तिकीट काढलं असशील तर परत कर.

एव्हिस


सेलिंग
१३ फेब्रुवारी १९८४

प्रिय लायनेल,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. लग्नाआधी एव्हिसला दोन लिहिली होती, त्यानंतर हेच. चुका पदरात घे.

त्या दिवशी ती कँटरबरीला गेली आणि अर्ध्या तासात गॅरेजचा माणूस आला. पोलिसांकडची मोटरसायकल सुटली म्हणून घेऊन आला होता. कुठे ठेवू म्हणाला. मी ओस्टमध्ये ठेवून घेतली आणि तो गेल्यावर ती पोत्यांनी झाकली, एव्हिसला एकदम दिसू नये म्हणून. मग घरात आलो. कोठीघरात ब्रँडी असते, ती शोधत होतो. बरण्यांच्या मागे ती बाटली होती.

क्रिस्पिन मला म्हणाला होता, बाबा, तुमच्यासाठी एक बाजूला ठेवायला आईला सांगतो, ख्रिसमसनंतर प्या, तेव्हा ती ऐन भरात येईल आणि मग बघू पोरखेळ कोणाचा. तेव्हा मला वाटलं, हीच ती. वाटलं, एव्हिसनं माझ्यासाठी ठेवली आहे आणि तिलाही माझ्यासारखंच बोलायला जमत नाही.

ग्लासात ओतली आणि टेबलाशी बसून प्यायलो. हळू प्यायलो. लायनेल, नुसतं गोल्डिंग. माझ्या भट्टीवरचं, वरच्या बागेतलं. आणि त्यात काही म्हणता काही कमी नव्हतं. मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणालो, की पोरा, तू जिंकलास. सप्टेंबरनंतर मी त्याच्याशी पहिल्यांदा बोललो.

मग बाटली धुतली. तू हे वाचताना हसशील किंवा शिव्या देशील, पण का धुतली ते सांगतो. तो मला त्यावरून सारखा ओरडायचा. बाबा, प्यायलात की लगेच विसळा, गाळ वाळला की निघत नाही, किती वेळा सांगायचं? मी मुद्दाम तशीच ठेवून द्यायचो. तो चिडला की मजा वाटायची. त्या दुपारी म्हटलं, एकदा तरी त्याच्या मनासारखं करावं. गरम पाण्यानं तीनदा विसळली. उजेडाला धरून बघितली, तळाला जरा पांढरं राहिलं होतं, तर बाटलीच्या ब्रशनं तेही काढलं. लेबल काढलं. पालथी ठेवली. आणि मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत तेवढाच एक क्षण मला बरं वाटलं होतं.

मग ती घरी आली.

ती म्हणते, त्या गाळात तो होता. मला हे ठाऊक असतं, तर मी त्या कोठीघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो असतो. कुणाला आत जाऊ दिलं नसतं. तुला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. मी याच घरात होतो. पण तुमच्यावर राग नाही. त्याचं नाव निघालं की मी उठून जायचो, मग मला कुणी काय सांगणार? उठून कुठे जायचो, हे तिला माहीत नाही. ओस्टच्या वरच्या मजल्यावर जायचो. तिथे हॉपची पोती आहेत. त्यांत तोंड घातलं की आवाज बाहेर येत नाही. तिच्यासमोर मी रडलो तर तिला कोण सावरणार, असं मला वाटायचं.

ती आता त्याच्या खोलीत झोपते. जेवण करून माझ्यापुढे ठेवते आणि स्वतःचं ताट घेऊन वर जाते. चिडून नाही, ते सरलं. आता ती माझ्याकडे बघतच नाही. मी जिन्यात जाऊन त्या दाराबाहेर उभा राहतो. आतून तिचं रडणं ऐकू येतं. दार वाजवायला हात उचलतो. आणि तसाच खाली येतो.

तुला ती सगळं लिहिते. म्हणून तुला एक विचारतो, दुसरं कुणी नाही विचारायला. पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तिला विचार, की मी त्या खोलीत येऊन बसलो तर तिला चालेल का. बोललं नाही तरी चालेल. दाराशी बसेन.

ती जे म्हणेल ते मला कळव. आम्हा दोघांवरही तुझी माया असू दे.

तुझा,
क्लेमंट